हवा झाडणारी करुणा

करुणा झाडायची, पण तिचा खराटा जमिनीला लागायचा नाही. पौर्णिमेला तिन्हीसांजेच्या वेळी ती गच्चीवर यायची. काटक्या बांधून घरीच केलेला खराटा हातात, आणि कठड्यापासून सुरुवात करून गोल गोल झाडत मधोमध यायची. खराटा जमिनीच्या वीतभर वर. खाली कडुनिंबाचा पाला जिथल्या तिथे. आमची गच्ची तिच्या गच्चीला चिकटून आहे, मधे कमरेएवढा कठडा. एका पौर्णिमेला मी वाळलेले कपडे काढायला गेले होते. थोडा वेळ गुपचूप पाहिलं, मग काही राहवेना.

"अवं, खाली कचरा पडला आहे ना! हवा काय झाडून राहिली?"

"हवाच झाडून राहिली," ती म्हणाली. "पाला सकाळी झाडला होता वं. हा नवा पडला."

मी कपडे घेऊन खाली आले आणि वरणाला फोडणी द्यायची विसरले.

करुणा माझी शाळेतली मैत्रीण. नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीतच दोघी वाढलो. मी इथेच शाळेत शिक्षिका झाले, इथेच लग्न केलं आणि इथेच जाड झाले. ती इंग्लंडला गेली. तिथे दवाखान्याच्या प्रयोगशाळेत वीसेक वर्षं नोकरी, एक मोडलेलं लग्न, आणि शेवटी सगळं सोडून परत. कशासाठी? तर बापासाठी. आई गेली होती, भाऊ सुधीर शहराच्या टोकाला, बेसाला फ्लॅट घेऊन राहत होता आणि तिचे बाबा, वामनकाका, सक्करदऱ्याच्या घरात एकटे. "म्हातारा माणूस एकट्यानं कुकर लावते, मले तिकडे झोप येत नाही," असं म्हणून ती आली. सामानात गरम कोट, चहाची पाकिटं आणि तिचा धर्म.

त्या धर्माचं नाव विक्का. मला आधी मसाल्याचं नाव वाटलं होतं. तिने गच्चीवर बसून समजावलं: निसर्गालाच पवित्र मानायचं, एक देवी, एक देव, पौर्णिमा पाळायची, ऋतू बदलले की सण करायचे. वर्षाचे आठ सण. आणि हे मानणारे लोक स्वतःला विच म्हणवतात, बाया पण आणि पुरुष पण.

"म्हणजे चेटूक?" मी विचारलं. मला आडपडदा जमत नाही.

"तू पहिली नाहीस विचारणारी," ती म्हणाली आणि हसली. तिचं हसणं खांद्यांतून यायचं, आवाज नंतर.

खरंच, तिला प्रश्न विचारायला गल्लीत कुणाचं तोंड धरता येत नव्हतं. तिच्या गळ्यात पाच टोकांची चांदीची चांदणी असायची. ती पाहून कुणीतरी मोबाईलमध्ये शोधलं आणि गल्लीभर झालं की ही सैतानाची पूजा करते. "आमच्यात सैतानच नाही," करुणा म्हणायची. "जो नाहीच त्याची पूजा कुठून करू? आमच्या देवाच्या डोक्यावर शिंगं आहेत, ते पाहून लोक घाबरतात. मग पोळ्याले आपण कोणाची पूजा करतो वं? शिंगं रंगवून, बेगड लावून?" बळी देता का, असं एकाने विचारलं. तिने सांगितलं, मी वांग्यातली अळी पण कुंडीत सोडते. हे सगळं कपडे काढून करतात म्हणे, असं मी स्वतः विचारलं, हळू आवाजात. "काही लोक करतात," ती म्हणाली. "पण सक्करदऱ्याच्या तलावाच्या डासांत? पागल झाली का?"

तिच्याजवळ काळ्या मुठीची एक सुरी होती, तिला धारच नव्हती. "याने कांदा तरी चिरता येतो का?" मी म्हटलं. येत नाही म्हणाली. ती फक्त हवेत गोल आखायला, पूजा त्या गोलात; आणि त्याआधी जागा शुद्ध व्हावी म्हणून खराटा. बाई हवा झाडते, मग हवेवरच गोल आखते. मी कपाळाला हात लावला. पण तिला कुणी हसलं तर राग यायचा नाही, उलट ती आपणच एक भर टाकायची. मे महिन्यात त्यांचा एक सण असतो, थंडी सरली म्हणून जाळ पेटवतात आणि त्यावरून उड्या मारतात. "इथं मे मध्ये गच्चीच जाळ आहे," ती म्हणायची. "अनवाणी उभी राहिली की झाला सण." मग तिने त्या सणाला जाळाऐवजी गल्लीतल्या सगळ्या झाडांना पाणी घालायची रीत काढली. बादल्या उचलायला मला धरायची.

एकदा आमच्या समोरच्या देवतळे काकू संध्याकाळी तिच्याकडे गेल्या. ज्यांच्या दारावर दर शनिवारी नवं लिंबू-मिरची, त्या काकू. मुलगा कुठल्याशा मुलीच्या नादी लागला होता, त्याचं मन फिरवून दे म्हणाल्या. काय लागेल ते सांग म्हणाल्या. ही बाई चेटकीण आहे म्हणून जी काकू आपल्या नातवाला तिच्या फाटकापुढून जाऊ द्यायची नाही, तीच बाई! करुणाने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "काकू, कोणाचं वाईट होत नसंल तर मनाले येईल ते कर, एवढाच आमचा नियम. पोराचं मन त्याले न विचारता फिरवणं म्हणजे त्याचं वाईटच. आणि आमच्यात बरेच जण मानतात, की दिलं ते तिप्पट होऊन परत येते." काकू चहा अर्धा टाकून उठल्या. मन फिरवता येत नाही असं करुणाने म्हटलं असतं तर त्यांनी सोडून दिलं असतं. येतं पण करत नाही, असा त्यांनी अर्थ घेतला.

पण हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. गल्लीने काय म्हटलं याने करुणाचं काही अडत नव्हतं. तिला एकाच माणसाचं हवं होतं, ते म्हणजे वामनकाकांचं. बापाने एकदा म्हणावं की ठीक आहे, तुझं तू निवडलं. त्या एका वाक्यासाठी ती जीव टाकत होती.

वामनकाका वीज मंडळातून निवृत्त झालेले. सरळ, वाळके, पांढऱ्या शर्टाची वरची गुंडी लावलेली. छप्पन साली नागपुरात धम्मदीक्षा झाली तेव्हा ते लहान होते, बापाचं बोट धरून त्या गर्दीत उभे होते. बावीस प्रतिज्ञा त्यांना पाठ होत्या, आणि नुसत्या पाठ नव्हत्या. घरात कधी नारळ फुटला नाही, लग्नाला मुहूर्त पाहिला नाही, मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम त्याच वाटेने जायचे. अशा माणसाची पोरगी सातासमुद्रापलीकडून खराटा घेऊन आली.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. ते वाद घालायचे, आणि तो वाद ऐकायला मी हातातलं काम टाकून जायची. "ही चांदणी कायची?" त्यांनी विचारलं. करुणाने एकेक टोक दाखवलं: पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा. "हे चार आमच्यात पण आहेत," काका म्हणाले. "पाचवं?" ती म्हणाली, आत्मा. "बस. तिथंच गाडी अडकते. आमच्यात आत्मा नाही. चार टोकांची करून आण, मी पण घालतो." आणि बापलेक दोघं हसले. तिने सांगितलं, "बाबा, तिथं मले पहिल्यांदा एक म्हातारी बाई घेऊन गेली, तिच्या बागेत. सगळे गोल उभे राहतात. गोलाले पहिली जागा नसते आणि शेवटची पण नसते. माहं आडनाव कोणी विचारलं नाही." काका म्हणाले, "हे चांगलं आहे." त्या दिवशी करुणा माझ्याकडे कठड्यावरून अक्षरशः उडी मारून आली होती. बाबा 'चांगलं' म्हणाले वं, चांगलं म्हणाले!

मी पण माझी अक्कल पाजळली. काकांना म्हटलं, "काका, हे काही फार पुरातन वगैरे नाही म्हणे. तुमची दीक्षा झाली त्याच सुमाराला हे लोक इंग्लंडात उघडपणे पुढे आले. चेटकाविरुद्धचा जुना कायदा गेला आणि हे बाहेर आले. तुमच्या बरोबरीचंच आहे." काका म्हणाले, "बाई, आम्ही जुन्यातून बाहेर निघालो. हे लोक जुनं शोधत आत गेले. दार तेच असंल, तोंड उलटीकडे आहे." मला दोघांचंही पटायचं, हेच माझं दुखणं.

मग एका सकाळी त्यांच्या फाटकाशी लिंबू पडलेलं होतं. अर्धं कापलेलं, वर कुंकू, खाली काळी बाहुली. कुणी टाकलं ते मला माहीत आहे आणि गल्लीलाही माहीत आहे. काकांनी लिंबू उचललं, नळाखाली धुतलं, साखर घालून सरबत केलं आणि ओट्यावर उभं राहून, गल्ली पाहत असताना प्यायले. मी टाळ्याच वाजवणार होते. पण पेला न विसळताच ते वळले. आत जाऊन बसले आणि करुणाला, माझ्यासमोरच, ते म्हणाले जे त्यांनी पोरांना कधी सांगितलं नव्हतं.

उमरेडच्या बाजूला त्यांचं गाव. तिथे त्यांची सख्खी मावशी होती, कौतिका. एका वर्षी गावात लेकरं तापाने गेली आणि लोकांनी ठरवलं की कौतिकाने करणी केली. का? तर नवरा नव्हता, झाडपाल्याचं औषध द्यायची आणि अंगण पहाटे उठून झाडायची. तिला मारलं आणि गावाबाहेर काढलं. काकांच्या बापाने तिला घरी आणलं, आणि त्याच कारणाने या लोकांनीही गाव सोडून नागपूर धरलं.

"तिले ज्या नावानं मारलं," काका म्हणाले, "ते नाव तू हौसेनं लावून आली."

करुणा पण त्यांचीच पोर. ती म्हणाली, "बाबा, तेच नाव मी आपणहून घेतलं, तर मारणाऱ्याच्या हातात काय उरलं?"

"दगड," काका म्हणाले. "नाव काढून घेतलं तरी दगड त्याच्याच हातात राहते, पोरी."

त्यानंतर किती दिवस ते घर हळू बोलत होतं. करुणाच्या डोक्यात मात्र कौतिका बसली. तिचा फोटो नाही, कुठे नाव लिहिलेलं नाही, तिची आठवण काढणारं एक म्हातारं माणूस सोडून कुणी नाही. "तिचं कोणीच काही केलं नाही वं," ती मला म्हणायची. आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचा मोठा सण येतो. मेलेल्या आपल्या माणसांची आठवण काढायची, त्यांच्यासाठी एक ताट वाढून ठेवायचं आणि आपण गप्प बसून जेवायचं. करुणाने ठरवलं, या वर्षी ताट कौतिकामावशीचं. यापेक्षा मोठा मान तिच्याजवळ दुसरा नव्हता. मलाही ते इतकं आवडलं की मी भाकरी करून नेल्या.

गच्चीवर दिवा लावला. केळीच्या पानावर भाकरी, भात आणि पाटवडीचा रस्सा, वामनकाकांच्या आवडीचा, लाल तर्रीवाला. करुणा समोर बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "कौतिकामावशी, ये."

काकांचे गुडघे धड नव्हते, ते गच्चीवर कधी यायचे नाहीत. त्या दिवशी आले. रश्शाचा वास आला म्हणून आले होते की काय, देव जाणे. जिन्याच्या दारात उभे होते, आणि त्यांनी ते ऐकलं.

"हे श्राद्ध आहे," ते म्हणाले.

"नाही बाबा, आठवण आहे नुसती."

"ताट वाढलं, मेलेल्या माणसाले हाक मारली. नाव काही ठेव. मी सात वर्षांचा होतो, पण उभा राहून बोललो आहे, श्राद्ध करणार नाही म्हणून. माह्या घरात नाही." मग त्यांचा आवाज एकदम फुटला. "आणि तिले कायले बोलावते तुमच्या त्या गोलात? ती चेटकीण नव्हती वं. नव्हती ती."

करुणा उठली, त्यांच्याकडे गेली, पण ते पाठमोरे होऊन कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. मी तिथेच बसलेली, हातात माझ्या त्या मूर्ख भाकऱ्यांचा डबा. काय करायला हवं होतं, मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सुधीर गाडी घेऊन आला आणि काका बेसाला गेले.

ते रागावले नव्हते. तेच तर वाईट. रागावलेल्या माणसाचा राग उतरतो. करुणा दर रविवारी पाटवडीचा डबा घेऊन बेसाला जायची. ते प्रेमाने खायचे, बोटं चाटायचे, "रस्सा जमला" म्हणायचे, तिला साडी घ्यायला पैसे नाहीत का म्हणून चिडवायचे. परत चला म्हटलं की मान हलवायचे. "घर तुहं आहे. तू राह्य. मले तिथं राहता येत नाही, एवढंच."

मी करुणाला एकदा तडकून म्हटलं, "टाकून दे ना तो खराटा! बापापेक्षा मोठा आहे का?" ती शांतपणे म्हणाली, "बाबांले कोणी म्हटलं असतं, सगळे सोयरे तिकडेच आहेत, जुन्यात परत या, तर ते गेले असते? मी त्यांच्याकडूनच शिकली वं," ती म्हणाली. "मनानं घेतलं ते सोडायचं नाही."

उन्हाळ्यात काका आजारी पडले. मी भेटायला बेसाला गेले. करुणा औषध आणायला खाली उतरली होती. कूलरच्या आवाजात ते मला म्हणाले, "ती ते ताट या वर्षी पण वाढंल का?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण त्या डोळ्यांपुढे खोटं टिकलं नसतं. "वाढेल," मी म्हटलं.

ते छताकडे पाहत म्हणाले, "तिले सांगजो, मावशीले तिखट चालत नव्हतं. दात पाडले होते तिचे गावानं. मंत्र म्हणता येऊ नये म्हणून दगडानं पाडले. मी भात कुस्करून द्यायचो तिले, दुधात." श्वास घेऊन म्हणाले, "मी हे मानत नाही, बाई. मेलेलं माणूस काही खात नाही. पण रस्सा नको ठेवू म्हणा तिच्यापुढे." आणि मी उठता उठता, "आणि मी गेलो का माह्यासाठी नको वाढू म्हणा. माही प्रतिज्ञा आहे."

मी जिन्यातच करुणाला सगळं सांगितलं. ती औषधाची पिशवी छातीशी धरून पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. लिफ्टमधून लोक येत-जात होते.

पावसाळ्यात काका गेले. सगळं त्यांच्या रीतीने झालं. करुणा पांढऱ्या साडीत होती, त्रिशरण-पंचशील तिने खणखणीत आवाजात म्हटलं. गल्लीतून आलेल्या बाया डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होत्या, ही आता काही वेडंवाकडं करते की काय. तिने काही केलं नाही. गळ्यातली चांदणी पदराच्या आत टाकलेली होती.

त्यानंतर तिचं परत जायचं ठरलं. ज्याच्यासाठी आली तो माणूसच नाही, राहून काय करू म्हणाली. मी थांब म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? फक्त ऑक्टोबर होऊन जाऊ दे, एवढं तिने ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी मी कठड्याशी उभी राहिले. तिने हवा झाडली, दिवा लावला, केळीचं एकच पान मांडलं. भात वाढला, त्यावर दूध ओतलं आणि बोटांनी कुस्करत बसली. एक शीत अख्खं राहू नये असं, किती वेळ. तिखट आसपास कुठे नव्हतं. "ये," म्हणाली, आणि या वेळी हाक मारताना नुसतं मावशी म्हणाली.

दिवा शांत झाल्यावर मी विचारलं, "आणि काका?"

"त्यांनी नाही म्हटलं आहे ना."

मी मान हलवली. ती पान आवरत होती. आवरता आवरता म्हणाली, "साऱ्या दुनियेच्या मेलेल्या माणसांले बोलावता येते वं मले. एका बाबांले नाही येत."

ती खाली गेली आणि थोड्या वेळाने वर आली तेव्हा तिच्या हातात डबा होता, दर रविवारी बेसाला जायचा तोच. पाटवडीचा रस्सा सवयीने करून बसली होती, आणि मग त्याचं काय करायचं ते तिला सुचेना. तिने तो कठड्यावरून माझ्याकडे दिला.

"गरम आहे," ती म्हणाली, "खालून धर."